धावपट्टी सोडून द्यायची वेळ

प्रश्न असा होता: पक्षी धडकून दोन्ही इंजिनं गेली, तर वैमानिक जवळचा विमानतळ गाठायचं सोडून विमान पाण्यावर का उतरवतो? हडसन नदीच्या प्रसंगानंतर सिम्युलेटरमध्ये तेच विमान विमानतळावर परत आणून दाखवलं होतं म्हणतात, ते खरं का? आणि पाण्यावर उतरलं की सगळे वाचतातच का?

मी बरीच वर्षं प्रवासी जेट उडवली. नंतरची वर्षं सिम्युलेटरमध्ये मागच्या खुर्चीवर बसून इतरांना घाम फोडण्यात गेली. त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्यातच गैरसमज जास्त आहे. पाण्यावर उतरलं की सगळे वाचतात असं अजिबात नाही. मुळात पक्ष्यांमुळे मोठं जेट पाण्यावर उतरवावं लागलं आणि सगळे वाचले, असं सांगताना सगळे जण एकच उदाहरण देतात. 15 जानेवारी 2009, न्यूयॉर्क, यूएस एअरवेजचं 1549 हे उड्डाण. लागार्डिया विमानतळावरून शार्लटला निघालेलं एअरबस ए320, विमानात 155 माणसं. कॅप्टन चेस्ली सुलेनबर्गर आणि फर्स्ट ऑफिसर जेफ्री स्काइल्स. सगळे वाचले. लोकांना त्यातलं पाणी आठवतं. मला विचाराल तर गोष्ट पाण्याची नाहीच. वैमानिकांनी धावपट्टीचा नाद कधी सोडला, याची ती गोष्ट आहे.

आधी पक्षी इंजिनात जातो तेव्हा काय होतं ते पाहू. समोरून जो मोठा पंखा दिसतो, त्यातून आत गेलेली बहुतेक हवा इंजिनाच्या गाभ्याला वळसा घालून मागे फेकली जाते. जोर मुख्यतः तीच देते. थोडीच हवा मधल्या गाभ्यात, म्हणजे कोअरमध्ये, शिरते. तिथे ती दाबली जाते, इंधन जळतं, आणि त्या उर्जेवर पुढचा पंखा फिरतो. पक्षी पंख्याच्या बाहेरच्या भागात सापडला तर पाती वाकतात, जळका वास केबिनमध्ये येतो, विमान हादरतं, पण इंजिन बऱ्याचदा तगतं. पक्षी कोअरमध्ये गेला की मात्र खेळ संपला. 1549 च्या दोन्ही इंजिनांच्या कोअरमध्ये कॅनडा गूज जातीचे हंस गेले होते. हे पक्षी साधारण अडीच ते पाच किलोंचे असतात. त्या इंजिनांच्या प्रमाणपत्रासाठी घेतलेल्या चाचणीत मोठ्यात मोठा पक्षी होता सुमारे 1.8 किलोचा. आणि त्या चाचणीतही इंजिन पुढे चालत राहिलंच पाहिजे अशी अट नसते. त्याने आग न लावता, तुकडे बाहेर न फेकता, शहाण्यासारखं बंद पडावं एवढीच अपेक्षा असते. चालत राहण्याची अट असते ती लहान, थव्याने उडणाऱ्या पक्ष्यांसाठी. म्हणून "इंजिनाची पक्ष्यांवर चाचणी घेतलेली असते" हे वाक्य खरं असलं तरी त्याच्या भरवशावर कोणी झोपू नये.

पिसांच्या अवशेषांवरून स्मिथसोनियन संस्थेच्या प्रयोगशाळेने पक्ष्याची जात ठरवली, आणि पिसांमधल्या हायड्रोजनच्या समस्थानिकांवरून हेही कळलं की हे हंस न्यूयॉर्कमध्ये कायम राहणारे नव्हते, उत्तरेकडून स्थलांतर करून आलेले होते. विमानतळाच्या आसपासचे हंस त्यानंतर मोठ्या संख्येने हटवले गेले. त्या दिवशीचे पक्षी त्या हंसांपैकी नव्हतेच.

आता वेळेकडे. पक्ष्यांच्या बहुसंख्य धडका जमिनीजवळच होतात, कारण पक्षी तिथेच उडतात. म्हणजे संकट येतं ते उंचीची पुंजी गाठीला नसते नेमकं तेव्हा. इंजिन गेल्यावर विमान दगडासारखं पडत नाही, ते तरंगत खाली येतं. या जातीचं विमान नीट वेग धरला तर जेवढं खाली येतं त्याच्या साधारण सतरा पट पुढे जातं. हजार फूट उंची म्हणजे ढोबळमानाने पाच किलोमीटर. 1549 ला धडक बसली ती सुमारे 2,800 फुटांवर, आणि विमान थोडं आणखी चढून 3,000 च्या आसपास पोहोचलं. कागदावर पंधरा किलोमीटर मिळाले. लागार्डिया त्याहून जवळच होतं. मग अडचण कुठे?

अडचण वळणात. वळताना विमान कललेलं असतं, उंची भराभर जाते. धावपट्टीच्या दिशेशी जुळायचं तर आणखी वळावं लागतं. फ्लॅप्स, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, बाहेर काढले की हवेचा अडथळा वाढतो, चाकं काढली की आणखी वाढतो. बंद इंजिनं स्वतःच ब्रेक लावल्यासारखी वागतात. वारा कुठून आहे ते वेगळंच. म्हणजे पंधरा किलोमीटरचा हिशेब कितीवर येईल ते त्या क्षणी कोणी गणित मांडून सांगू शकत नाही. ते डोळ्यांनी जोखावं लागतं. काचेत धावपट्टी एका जागी स्थिर दिसते, वर सरकते की खाली सरकते? वर सरकत असेल तर तुम्ही तिथे पोहोचणार नाही. एवढं साधं आहे ते, आणि तेच मान्य करणं सर्वांत अवघड.

सिम्युलेटरमध्ये मी हा प्रसंग अनेकांना दिला. चांगल्या, अनुभवी कॅप्टननाही. जवळजवळ प्रत्येक जण आधी विमानतळाकडे वळतो. हात आपोआप तिकडे जातो, कारण वर्षानुवर्षं प्रत्येक अडचणीचं उत्तर "धावपट्टी" हेच शिकलेलं असतं. एक जण मला आठवतो, अतिशय हुशार. पहिल्या वळणातच त्याला कळलं होतं की जमणार नाही, त्याचा आवाज बदलला होता. तरी तो नाक उचलत राहिला, वेग घालवत राहिला, आणि धावपट्टीच्या अलीकडे इमारतींमध्ये पडला. बाहेर आल्यावर म्हणाला, "दिसत होती ना समोर." धावपट्टी डोळ्यांसमोर दिसत असणं हीच अशा वेळी मोठी भुरळ असते.

हे डोक्यात ठेवून 1549 ची वेळ पाहा. 3 वाजून 27 मिनिटं 11 सेकंदांनी धडक. वीसेक सेकंदांनी कॅप्टन कंट्रोलरला, म्हणजे जमिनीवरच्या हवाई वाहतूक नियंत्रकाला, सांगतो की दोन्ही इंजिनांचा जोर गेला, लागार्डियाला परततो आहे. म्हणजे त्याच्याही तोंडून पहिला शब्द विमानतळाचाच निघाला. पण कंट्रोलर धावपट्टी देऊ करतो तेव्हा, धडकेपासून मिनिटभराच्या आत, तो म्हणतो की जमणार नाही, कदाचित हडसनमध्ये जावं लागेल. मध्ये नदीपलीकडच्या टेटरबोरो विमानतळाचा विचार झाला, तोही सोडला. मग स्पष्टच सांगितलं की आम्ही हडसनमध्ये उतरतोय. धडकेपासून पाण्यापर्यंत सगळी मिळून साडेतीन मिनिटं. नदीचा निर्णय झाला तेव्हा हातात अजून उंची आणि वेग शिल्लक होता, म्हणून विमान नदीच्या प्रवाहाच्या दिशेने सरळ, पंख समांतर ठेवून आणता आलं. निर्णय मिनिटभर उशिरा झाला असता तर तीच नदी असूनही उपयोग झाला नसता.

सिम्युलेटरमधल्या त्या "परत आणलं" प्रकरणाबद्दल. हो, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात हे प्रयोग झाले. धडक होताच क्षणाचाही विलंब न लावता वळलेल्या वैमानिकांपैकी काही जण विमानतळावर पोहोचले, काही नाही. त्यांना काय होणार आहे हे आधीच माहीत होतं. मग माणसाला काय झालंय हे समजून घ्यायला, इंजिन पुन्हा सुरू करून पाहायला वेळ लागतो म्हणून 35 सेकंदांचा उशीर धरला. तेव्हा विमान धावपट्टीपर्यंत पोहोचलं नाही. प्रयोग खरे आहेत, पण त्यांतून "कॅप्टन चुकला" असा निष्कर्ष काढणारे उत्तरपत्रिका आधी वाचून परीक्षेला बसलेल्याशी तुलना करत असतात. मंडळाचाही निष्कर्ष असाच होता की नदी निवडल्यामुळेच जगण्याची शक्यता सर्वांत जास्त राहिली.

आता एका छोट्या गोष्टीवर थोडा थांबतो, कारण बाहेरच्यांना ती क्वचितच सांगितली जाते. धडकेनंतर काही सेकंदांतच सुलेनबर्गरने एपीयू सुरू केलं. एपीयू म्हणजे शेपटीतलं छोटं इंजिन. ते विमानाला ढकलत नाही, वीज देतं. ए320 मध्ये स्टिक, म्हणजे वैमानिकाच्या हातातला दांडा, आणि पंखांवरचे हलते पृष्ठभाग यांच्यामध्ये संगणक असतो. वीज पुरेशी असेल तर तो पूर्ण ताकदीने काम करतो आणि विमानाला स्टॉल होऊ देत नाही, म्हणजे वेग कमी झाला म्हणून पंखांची उचल अचानक जाऊ देत नाही. वीज तुटपुंजी झाली तर हे संरक्षण जातं. दोन्ही इंजिनं गेल्यावरच्या चेकलिस्टमध्ये एपीयूची पायरी बरीच पुढे होती. आणि ती चेकलिस्ट लिहिलेलीच होती 20,000 फुटांवरच्या घटनेसाठी, तीन पानांची. स्काइल्सने ती वाचायला घेतली, वेळ संपेपर्यंत साधारण एक तृतीयांश झाली. यादीची वाट न पाहता बटण दाबलं गेलं म्हणून शेवटपर्यंत विमान हाताशी राहिलं.

याच्या उलट 16 जानेवारी 2002 ला इंडोनेशियात गरुडा या विमान कंपनीचं बोइंग 737 गारांच्या वादळात सापडलं, दोन्ही इंजिनं विझली, वीजही गेली. वैमानिकांनी ते बेंगावान सोलो नदीच्या उथळ पाण्यात उतरवलं. एक केबिन क्रू दगावली, बाकी 59 वाचले. रेडिओ बंद, बहुतेक उपकरणं काळी पडलेली, अशा अवस्थेत. मला त्या कॅप्टनचं कौतुक हडसनइतकंच वाटतं, पण हडसनच्या काठावर कॅमेरे होते.

संगणकाची एक दुसरीही बाजू आहे. शेवटच्या क्षणी सुलेनबर्गरने नाक वर घ्यायला स्टिक मागे ओढली, तेव्हा त्याच संरक्षणाने नाक तेवढं वर येऊ दिलं नाही. वेग आधीच थोडा कमी झालेला होता. परिणामी विमान ठरलेल्यापेक्षा जोरात आपटलं. पाण्यावर उतरण्याच्या प्रमाणपत्रासाठी खाली येण्याचा वेग सेकंदाला 3.5 फूट धरलेला होता, प्रत्यक्षात तो सुमारे 12.5 होता, साडेतीन पटींहून जास्त. इंजिनं बंद असताना कागदावरचा तो आकडा साधणं कठीणच, हे चौकशीनेही मान्य केलं.

पाणी मऊ असतं हा समज इथे उतरतो. 125 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 230 किलोमीटर वेगात पाणी जमिनीसारखंच वागतं. फरक एवढाच की जमीन घासते आणि पाणी पकडतं. चाकं खाली असतील तर ती पाण्यात रुततात आणि नाक खाली जातं, म्हणून पाण्यावर उतरताना चाकं आतच. पंखाखाली लटकलेली इंजिनं फावड्यासारखी पाणी उचलतात. त्यातून एक पंख आधी टेकला तर विमान त्याच पंखाभोवती गरकन फिरतं. 1996 मध्ये अपहरण झालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं बोइंग 767 इंधन संपल्यावर कोमोरोस बेटांजवळ समुद्रावर उतरवताना असंच तुटलं. 175 पैकी 125 जण गेले. शेवटपर्यंत कॉकपिटमध्ये वैमानिकाशी झटापट चालू होती, हेही लक्षात घ्यावं. 1549 मध्ये पंख समांतर होते, तरी शेपटीकडचा तळ फाटला, धातूचा एक भाग फरशीतून वर आला आणि मागच्या केबिन क्रूचा पाय चिरला. मागे लगेच पाणी भरू लागलं, मागची दारं निकामी झाली.

डिचिंगचं, म्हणजे पाण्यावर उतरतानाचं, बटण दाबलं असतं तर पाणी आलं नसतं, असंही कोणीतरी हमखास म्हणतं. ते बटण विमानाच्या पोटाखालच्या झडपा बंद करतं. ते दाबायचं राहिलं हे खरं. पण पोट एवढं फाटल्यावर झडपा बंद असून काय होणार होतं?

पक्ष्यांमुळे पाण्यात गेलेल्या दुसऱ्या विमानाची हकीकत मी प्रशिक्षणात मुद्दाम सांगत असे. 4 ऑक्टोबर 1960, बॉस्टन. ईस्टर्न एअरलाइन्सचं चार इंजिनांचं लॉकहीड इलेक्ट्रा, उड्डाण 375. उडता उडता स्टार्लिंगच्या थव्यात शिरलं. हे पक्षी आपल्या साळुंकीच्या कुळातले, मूठभर वजनाचे. एक इंजिन बंद करावं लागलं, आणखी दोन इंजिनांचा जोर काही क्षण गेला. जोर एका बाजूला कमी, एका बाजूला जास्त, त्यामुळे विमान वळलं, वेग गेला, स्टॉल झालं आणि विंथ्रॉपच्या खाडीत कोसळलं. 72 पैकी 62 मृत्युमुखी पडले. पाणी दोन्हीकडे होतं. पण 1549 पाण्यावर उतरवलं गेलं, 375 पाण्यात पडलं. 375 च्या वैमानिकांना निर्णय घ्यायला सेकंदही मिळाले नव्हते. इंजिनं पक्ष्यांपुढे किती टिकली पाहिजेत याचे नियम गांभीर्याने लिहायला सुरुवात त्या अपघातानंतर झाली.

समोर पाणी नसेल तर? 15 ऑगस्ट 2019 ला मॉस्कोजवळच्या झुकोव्स्की विमानतळावरून निघालेल्या उरल एअरलाइन्सच्या ए321 ला सीगलचा थवा लागला. विमानात 233 जण. कॅप्टन दामिर युसुपोव्हने चाकं न काढता समोरच्या मक्याच्या शेतात विमान सरळ टेकवलं. कोणी दगावलं नाही. माझ्या दृष्टीने हा हडसनचाच भाऊ. परत फिरायचा मोह टाळला आणि जे समोर आहे ते स्वीकारलं.

अर्थात याचा अर्थ पक्षी धडकला की पाणी शोधायचं असा मुळीच नाही. एक इंजिन चालू असेल तर विमान आरामात उडतं आणि धावपट्टीवरच उतरतं. पक्ष्यांच्या धडकांच्या बहुतांश कहाण्या अशाच, कंटाळवाण्या असतात. 2008 मध्ये रोमच्या चाम्पिनो विमानतळावर रायनएअरच्या 737 ला उतरता उतरता स्टार्लिंगचा थवा लागला, दोन्ही इंजिनांना फटका बसला, पण धावपट्टी समोरच होती, तिथेच आपटून थांबलं. तिथे दुसरा काही विचार करणं चूक ठरलं असतं.

आता पाण्यावर थांबल्यानंतर. खरं तर माणसं मरतात ती बऱ्याचदा इथे. हडसनचं पाणी त्या दिवशी 5 अंशांच्या आसपास होतं, हवा शून्याखाली. अशा पाण्यात माणसाचे हात काही मिनिटांत काम करेनासे होतात. पण विमान फेरीबोटींच्या मार्गावर थांबलं होतं, दिवस होता, पाणी शांत होतं. पहिली फेरीबोट चार मिनिटांच्या आत पोहोचली. समुद्रात पन्नास किलोमीटर आत हेच झालं असतं तर हाच उतार, हाच कॅप्टन असूनही मृतांची यादी लागली असती. आणखी एक योगायोग असा की त्या मार्गासाठी सक्ती नसताना त्या विमानात तराफ्याचं काम करणाऱ्या घसरगुंड्या होत्या. मागच्या दोन बुडाल्या, पुढच्या दोन आणि पंख मिळून लोकांना उभं राहायला जागा मिळाली.

वेळ आणि बोट दोन्ही हाताशी असण्याचं जुनं उदाहरण 1956 चं. पॅन अ‍ॅम कंपनीचं स्ट्रॅटोक्रूझर विमान पॅसिफिकच्या मध्यावर इंजिनं बिघडल्यावर रात्रभर अमेरिकन तटरक्षक दलाच्या पॉन्टचारट्रेन या जहाजाभोवती घिरट्या घालत राहिलं. कॅप्टनला ठाऊक होतं की पाण्यावर उतरताना या जातीच्या विमानाची शेपटी तुटते, म्हणून त्याने प्रवाशांना पुढे सरकवलं. उजाडल्यावर उतरला, शेपटी खरोखरच तुटली, सगळे 31 वाचले. पक्ष्यांच्या धडकेत अशी रात्र कोणाला मिळत नाही.

प्रवासी म्हणून काय करायचं हे कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. लाइफ जॅकेट अंगात घाला, पण दोरी ओढू नका, ती दाराबाहेर पाऊल पडताना ओढायची. कोमोरोसला अनेकांनी आतच जॅकेट फुगवलं. पाणी वर आलं तसे ते छताला जाऊन चिकटले आणि दारापर्यंत खाली डुबकी मारता आली नाही. हडसनमध्ये उलट झालं, मोजक्यांनीच जॅकेट घेतलं, बरेच जण सीटची गादी घेऊन बाहेर आले, काही जण तर बॅगा काढायला थांबले. आणि बाहेर पाणी दिसत असताना मागचं दार उघडायला जाऊ नका. तो उंबरठा पाण्याखाली असू शकतो.

मी अजूनही प्रवासी म्हणून बसलो की पुढचं आणि मागचं दार आपल्यापासून किती रांगा दूर आहे ते सीटच्या पाठी मोजून घेतो. शेजारचा माणूस विचित्र नजरेने बघतो. बघू दे.